‘ब्रेनस्टॉर्मिंग’ला आपल्या भागात काय म्हणाल? सुचणं, सुचवणं, ठरवणं यांचे शब्द हवेत

मलप्रभाकाठी

नमस्कार मंडळी.

खानापूर तालुक्यातल्या बचत गटांसाठी एक छोटं पत्रक मराठीत करायचंय. मूळ मजकूर कन्नडमध्ये आहे, सोबत इंग्रजी प्रत. गटातल्या बायकांनी एकत्र बसून नवा धंदा कसा शोधायचा, हा विषय. आधी प्रत्येकीनं मनात येईल ते बोलायचं, मग त्यातलं निवडायचं, मग ठरवायचं. पापड, शेवया, लोणची सोडून दुसरं काहीतरी निघावं एवढाच हेतू.

कुणाकडून तरी आधी करून घेतलेला एक मराठी मसुदा माझ्यापुढं आहे. त्यात ‘विचारमंथन सत्र’, ‘संकल्पना निर्मिती’, ‘नवकल्पनांचे आदानप्रदान’ असलं सगळं आहे. व्याकरणाची चूक एकही नाही. गटातल्या एका आक्कांना तो वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "बरं हाय की. भाषण कोण करणार हाय?" आपण स्वतः करायची ही गोष्ट आहे, हेच त्यांच्यापर्यंत गेलं नाही.

तर शब्द द्या. सुचण्याचे, सुचवण्याचे, बसून बोलण्याचे, खोडून काढण्याचे, ठरवण्याचे. कोशातले चालतील, पण कुणाच्या तोंडी आणि कुठं ऐकलेत तेही सांगा. बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरीकडचे असतील तर फार बरं.

टिळकवाडीकर

सुरुवात मी करतो. मास्तरकी सुटली तरी खोड गेलेली नाही, तेव्हा लांबण लागेल.

‘कल्पना’ आणि ‘क्लृप्ती’ दोन्ही संस्कृतातल्या एकाच कॢप् धातूतून आलेल्या. मराठीत मात्र दोघींचे संसार वेगळे झाले. कल्पना नुसती असू शकते, तिचं पुढं काही झालं नाही तरी कुणी जाब विचारत नाही. क्लृप्ती अडचणीतून वाट काढते आणि तिच्यात थोडी लबाडीही असते. ‘युक्ती’ युज् म्हणजे जोडणे यातून, ‘योग’ आणि ‘योजना’ यांच्या घरची. म्हणून युक्ती लागू पडावी लागते. "युक्ती फसली" असं आपण सर्रास म्हणतो.

खरी गंमत बरोबरच्या क्रियापदात आहे. कल्पना मांडतात. युक्ती, शक्कल आणि डोकं ही तिन्ही लढवतात. टूम काढतात. बेत आखतात. मनसुबे रचतात. तोडगा काढतात. पिल्लू सोडतात. खूळ कुणी घेत नाही, ते आपणहून डोक्यात शिरतं. नामापेक्षा क्रियापद जास्त सांगून जातं. ‘टूम काढली’ म्हटलं की बोलणाऱ्याला ती पसंत नाही हे कळतंच, पुढचं ऐकायची गरज उरत नाही.

आणि ‘ऊहापोह’. ऊह म्हणजे तर्कानं पुढं जाणं, अपोह म्हणजे न टिकणारं बाजूला सारणं. सुचवणं आणि खोडणं ही तुमची दोन्ही कामं एका शब्दात आहेत. पण पत्रकात घालू नका. पहिला ऊ दीर्घ आहे हे सांगता सांगता माझ्या नोकरीची वर्षं गेली, छापखान्यात तो ऱ्हस्वच होणार.

शहापूरची सून

मास्तर, क्रियापदांचं एकदम पटलं. पण आक्कांच्या गटात ‘क्लृप्ती’ म्हणालात तर शेंगदाणे फुटाण्याबरोबर खायचं काहीतरी वाटेल.

आमच्या घरात हातमाग होते. सूत संपलं, गिऱ्हाईक फिरलं, काहीही अडचण आली की सासरे म्हणायचे, "काय तरी तोड काढा की." तोडगा नव्हे, तोड. आणि ‘सुचतंय काय बघ’, ‘डोक्यात आलं तर सांग’, ‘डोकं चालव जरा’. बस, एवढ्यावर अख्खं घर चालायचं.

दुसरी गोष्ट, बायका सहसा ‘सुचवत’ नाहीत. मी सासूबाईंना आयुष्यात काही ‘सुचवलेलं’ नाही. त्यांच्या ‘कानावर घातलं’. जावेपाशी ‘विषय काढला’. नवऱ्यापुढं ‘सहज म्हणून बोलले’, म्हणजे आठवडाभर मनात घोळवून झाल्यावर. शेजारणीला ‘म्हणून बघितलं’. आणि सासऱ्यांपर्यंत जायचं असेल तर आधी दिरांकडं ‘खडा टाकून बघितला’. गोष्ट एकच, पण समोर कोण बसलंय त्यावर शब्द बदलतो.

मलप्रभाकाठी

सूनबाई, नेमकं हेच हवं होतं.

इंग्रजी प्रतीत सगळीकडं ‘शेअर’ आहे. मोठ्या-धाकट्याचा काही प्रश्नच नाही, कुणीही कुणालाही शेअर करावं. आपल्याकडं प्रत्येक शब्दाला दिशा आहे. कानावर घालणं खालून वर जातं. सल्ला वरून खाली येतो, म्हणून धाकट्यानं दिला की "मला सल्ला देतोस?" असं ऐकावं लागतं. मांडणं चारचौघांत, उभं राहून. हितगुज बरोबरीच्या मैत्रिणीशी. गटात सासू आणि सून दोघी असतात, देवस्थानच्या पंचांची बायको असते, काल लग्न होऊन आलेलीही असते. या सगळ्यांना पुरेल असा, दिशा नसलेला एक शब्द मिळेल का? ‘बोला’ सोडून मला तरी काही दिसत नाही.

पुण्यातला बेळगावकर

मी आयटीत आहे. आमच्याकडं आठवड्याला एक ब्रेनस्टॉर्मिंग असतं, त्यात मॅनेजर बोलतो आणि बाकीचे "येस, गुड पॉइंट" म्हणतात. असो.

शब्दाची थोडी कुंडली देतो. ही पद्धत अमेरिकेतल्या ॲलेक्स ऑसबॉर्न यांची. जाहिरात धंद्यातला माणूस. 1940 च्या दशकात त्यांनी ती लिहून मांडली, 1953 च्या पुस्तकानं ती जगभर गेली. नियम चार: आधी टीका करायची नाही, अचाट वाटलं तरी बोलायचं, जितकं जास्त तितकं बरं, आणि दुसऱ्याच्या बोलण्याला आपलं जोडायचं. त्याआधी इंग्रजीत ‘ब्रेनस्टॉर्म’ म्हणजे चक्क वेडाचा झटका होता. तेव्हा ‘डोक्यात वादळ’ असलं भाषांतर सुचत असेल कुणाला तर राहू द्या.

अजून एक. 1958 मध्ये येल विद्यापीठात हे तपासून पाहिलं होतं. चौघांचे गट एका बाजूला आणि एकेकटे बसलेल्या चौघांची बेरीज दुसऱ्या बाजूला. एकेकट्या बसलेल्यांकडून बऱ्याच जास्त कल्पना निघाल्या. पुढच्या प्रयोगांत एक कारण असं दिसलं की गटात एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता आपलं हातातून निसटतं. म्हणून हल्ली बरेच जण आधी गप्प बसून आपापलं लिहायचं आणि मग बोलायचं असं करतात. तुमच्या पत्रकातला क्रम त्या दृष्टीनं बघून घ्या, ताई.

निपाणीचा पोरगा

अहो, हे थांबून निसटायचं आमच्या गल्लीच्या मंडळाच्या मीटिंगला बघा. गणपतीच्या देखाव्याचा विषय असतो आणि बोलणारे तिघंच. बाकीचे चहा कधी येतोय बघत बसतात.

लांबलेल्या बोलण्याला आमच्याकडं शब्दांचा तोटा नाही. चर्चेचं गुऱ्हाळ, काथ्याकूट, चर्वितचर्वण, कीस पाडणं, दळण दळणं. ताईंनी मागितलेत तसले कामाचे शब्द कमी आणि हे टोमणे जास्त, असं का?

त्यातल्या ‘गुऱ्हाळा’वर माझी हरकत आहे. आमच्या भागात उसाचं गुऱ्हाळ लहानपणापासून बघतोय. रस काहिलीत पडला की सारखा ढवळत राहावा लागतो, मळी वर येईल तशी काढावी लागते आणि गुळव्यानं ‘आता’ म्हटलं की त्याच घडीला काहील उतरवायची. जरा उशीर झाला की गूळ करपला. शेवटी रवे निघतात, बाजारात जातात, पैसे येतात. ज्या चर्चेतून काहीच निघत नाही तिला गुऱ्हाळ म्हणणाऱ्यानं गुऱ्हाळ बघितलेलंच नसावं.

टिळकवाडीकर

हरकत मान्य. पण ती म्हण धुरामुळं आणि रात्रभर चालण्यामुळं पडली असावी, गुळामुळं नव्हे.

काथ्याकूटाला मात्र मी वाचवणार नाही. नारळाच्या सोडणाचा काथ्या कुटत बसायचा, हात दुखेपर्यंत. शब्द कोकणातून वर आला असेल, पण तो घाट चढून आमच्या संस्थांच्या वार्षिक सभेत कायमचा मुक्कामाला आहे.

घटप्रभेपल्याड

माझी घरची भाषा कन्नड, शाळा मराठी. हुक्केरीकडचा. दोन्ही भाषांत बघितलं तर काही गोष्टी सोप्या होतील असं वाटतं.

ताई, कन्नड पत्रकात ‘चिंतन-मंथन’ असणार, पैज लावतो. तोही तितकाच पुस्तकी. आमच्या आईला तो कळणार नाही. आई म्हणते, "ननगे होळेयितु." होळे म्हणजे चमकणं. मला चमकलं, म्हणजे मला सुचलं. त्यात ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. मराठीतही तसंच: मला सुचलं, मला स्फुरलं, मला वाटलं, मला पटलं. "मी सुचलो" असं कुणी म्हणत नाही.

एकत्र बोलण्याला कन्नडात ‘मातुकते’. मातु म्हणजे बोलणं, कते म्हणजे कथा. लग्नाची बोलणी असोत नाहीतर दोन सरकारांची, दोन्हीला चालतो. आणि बिनकामाच्या गप्पांना ‘हरटे’. पिंपळाच्या पारावर बसून चालतात त्या ‘हरटे कट्टे’वरच्या. तो कट्टे आणि तुमचा कट्टा एकच.

सावध मात्र राहा, काही शब्द दिसायला सारखे आणि अर्थानं फटकून आहेत. कन्नडात ‘आलोचने’ म्हणजे विचार करणं, मनातली योजना. ‘अनुमान’ म्हणजे संशय. ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान. मराठीत "माझं असं अनुमान आहे" म्हणालात तर तर्क, कन्नडात म्हणालात तर समोरच्याला वाटेल त्याच्यावर शंका घेताय.

शहापूरची सून

एका पत्रिकेवर कन्नडातल्या ‘विचार संकिरण’चं मराठी ‘विचार संकीर्ण’ असं छापलेलं मी स्वतः बघितलंय. चर्चासत्र म्हणायचं होतं. वाचणाऱ्यानं समजून घेतलं की किरकोळ विचार आहेत, जायला नको.

मलप्रभाकाठी

पैज जिंकलात, दादा. ‘चिंतन-मंथन’च आहे.

‘मला सुचलं’वर मी जरा थांबले. सुचणं आपोआप होतं, ‘व’ लावला की ते दुसऱ्यापर्यंत जातं: सुचणं-सुचवणं. तसंच कळणं-कळवणं, पटणं-पटवणं, ठरणं-ठरवणं. पत्रकाची पायरी न् पायरी या जोड्यांत बसते! आधी सुचू दे, मग सुचव. आधी स्वतःला पटू दे, मग दुसरीला पटव. शेवटी ठरव. मधे कुठं ‘संकल्पना निर्मिती’ लागत नाही.

मोडी_वाचक

दफ्तरांत बसणारा माणूस आहे, माझी भर जुन्या शब्दांची.

‘मसलत’ अरबीतून फारसीमार्गे आलेली. मुळात तिच्यात हिताचा, भल्याचा अर्थ आहे. ‘सल्ला’ही तिकडचाच, त्याच मुळाचा. कन्नडातल्या ‘सलहे’शी त्याचं नातं हुक्केरीकरांना सांगायला नको. ‘खलबत’ अरबी ‘खल्वत’वरून, म्हणजे एकांत. म्हणून खलबत बंद दाराआड होतं, गडावर खलबतखाना असतो. ‘खल करणं’ वेगळं: खलात घालून घोटत राहावं तसं एकाच गोष्टीवर बोलत राहणं. दोन्ही शब्द कानाला जवळचे म्हणून लोक गल्लत करतात.

‘मनसुबा’ ऐकून सगळ्यांना ‘मन’ आठवतं, पण मनाचा त्याच्याशी संबंध नाही. तो अरबी ‘मन्सूबा’. बुद्धिबळाच्या पटावर मुद्दाम मांडलेल्या डावालाही अरबीत हाच शब्द होता. मराठीत तो मोहिमेच्या बेतापर्यंत आला आणि नंतर जरा बदनाम झाला. हल्ली मनसुबे फक्त चोरांचे आणि विरोधी पक्षाचे असतात, पोलीस नाहीतर मतदार ते उधळून लावतात.

शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. मसलत मात्र हलली नाही. लोकांनी तिला ‘सल्ला’ जोडून ‘सल्लामसलत’ केलं आणि ठेवून घेतली.

पुण्यातला बेळगावकर

मग पत्रकाचं नाव ‘मसलत’ ठेवा की. छान वाटतं.

शहापूरची सून

नको बाई. मसलत म्हटलं की कुणाच्या तरी विरोधात काहीतरी शिजतंय असं वाटतं. गटातल्या बायका बसून मसलत करतायत हे गल्लीत कळलं, तर घरचे दुसऱ्या दिवशी पाठवायचे नाहीत.

अथणीचा पाव्हणा

‘सूचना’ का नको? सोपा आहे, कन्नडातही ‘सूचने’ आहे. ‘आपल्या सूचना द्या’ म्हटलं की झालं.

मलप्रभाकाठी

पाव्हणं, ‘सूचना’ दोन तोंडी आहे. महापालिका जाहीर करते की "हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत", तेव्हा सूचना लोकांनी द्यायची. पण शाळेत, बँकेत, दवाखान्यात भिंतीवर ‘सूचना’ लिहिलेलं असतं तेव्हा ती तुम्ही निमूट पाळायची. "साहेबांनी सूचना दिल्या" म्हणजे साहेबांनी हुकूम सोडला. आमच्या बायकांनी दुसऱ्या प्रकारच्या सूचना जन्मभर ऐकल्यात. ‘सूचना द्या’ म्हटलं की त्या एकमेकींकडं बघतील, द्यायच्या कुणाला?

‘सुचवा’ त्या मानानं मऊ आहे. पण त्यातही सूनबाई म्हणतात ती अडचण आहेच.

अथणीचा पाव्हणा

हे डोक्यात नव्हतं आलं. बरोबर आहे. आमच्या शुगर फॅक्टरीच्या फलकावरही ‘सूचना’ आणि खाली दंडाची रक्कम.

‘अभिप्राय’ पण बघा. काम झाल्यावर विचारतात तो, आधी नाही. त्याची वही टेबलावर असते आणि सगळे ‘उत्तम’ लिहून सही करतात.

बसवकल्याणचा वारकरी

धागा बेळगावचा आहे, मी पार बीदर जिल्ह्यातला. पण सीमेवरचाच की.

आमच्याकडं हा विषय निघाला की ‘अनुभव मंटप’ आठवल्याशिवाय राहत नाही. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणात, म्हणजे आमच्या बसवकल्याणात, शरण-शरणी (शिवभक्त) एकत्र बसायचे, अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी. वेगवेगळ्या जातींचे आणि कामधंद्यांचे लोक, त्यांत बायकाही. अक्कमहादेवीला तिथं प्रश्न विचारले गेले आणि तिनं उत्तरं दिली, ते अजून सांगितलं जातं. शब्द बघा: विचार नाही, मत नाही, ‘अनुभव’. तुझं मत काय असं विचारलं की माणूस बुजतो. तुझा अनुभव काय म्हटलं की बोलतो, कारण अनुभव कुणाला खोडता येत नाही. बायकांना "काय कल्पना आहे?" असं विचारू नका. "तुम्ही काय करून बघितलंय? तुम्हाला काय येतं?" असं विचारा. एकीला गोधडी येत असेल, एकीला काजू फोडायला.

मलप्रभाकाठी

आबा, हे वाचून पत्रकाचं पहिलं पान बदलतेय. कोरी पाटी पुढं ठेवून "सुचवा" म्हणण्यापेक्षा "काय येतं" पासून सुरुवात करते. खानापूरच्या जंगलपट्टीत बायकांना काय काय येतं याची यादी केली तर पान पुरायचं नाही.

टिळकवाडीकर

मंटप निघालाच आहे तर आमच्या टिळकवाडीचंही ऐका. 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथं भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकच अधिवेशन. अधिवेशनासाठी खोदलेली विहीर अजून आहे. त्या काळात अधिवेशनात एक ‘विषय नियामक समिती’ असायची. मंडपात भाषणं व्हायची, पण खरी वादावादी या समितीत. काय मंडपात न्यायचं आणि कोणत्या शब्दांत न्यायचं हे तिथं ठरायचं. साहित्य संमेलनांनीही हा शब्द उचलला.

आणि 1946 चं संमेलन बेळगावचं, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथला. लोकांच्या मनात जे होतं, लोक जे बोलत होते, ते ‘ठराव’ झालं की त्याचं वजन बदलतं. ताईंची ठरणं-ठरवणं जोडी आहे, तिचं तिसरं भावंड ‘ठराव’.

निपाणीचा पोरगा

सर, आता सीमाप्रश्न सुरू झाला तर धागा पाचशे प्रतिसादांवर जाणार आणि ताईंचं पत्रक राहणार.

टिळकवाडीकर

थांबलो. बचत गटाच्या वहीत मात्र ‘ठराव’ लिहावाच लागतो, बँकेला तो लागतो. तेव्हा तो शब्द ठेवा, तेवढं म्हणणं आहे.

पुण्यातला बेळगावकर

मनातल्या मनात राहिलेल्या कल्पनांचा शब्द कुणीच कसा काढला नाही? आपण बेळगावचे असून! मनातले मांडे.

बाकी महाराष्ट्राला मांडे म्हणीतूनच माहीत. आपल्याकडं ते लग्नात खरोखर येतात, पालथ्या खापरावर भाजलेले, आत साखर आणि तूप, घडी घालून. पुण्यात एका मित्राला सांगितलं तर त्याला वाटायचं मांडे म्हणजे खाण्याचा नुसता काल्पनिक पदार्थ. म्हणीत अडचण एकच आहे, मनातले मांडे खाणाऱ्याला सगळे हसतात. मनोराज्य, हवेतले इमले, शेखचिल्ली, सगळी हसायचीच. आणि ऑसबॉर्नचा दुसरा नियम सांगतो, अचाट असलं तरी बोला. मराठीत अचाट कल्पनेला चांगला शब्द आहे का एखादा? ‘सुपीक डोकं’ होतं, त्यालाही आपण वाकडं करून ठेवलंय.

शहापूरची सून

नाही. आणि म्हणूनच बायका बोलत नाहीत. बोललं की "आली मोठी शहाणी". या एका वाक्यानं जेवढं मरतं तेवढं कशानं मरत नसेल. मलप्रभाताई, पत्रकात नियम म्हणून हेच वाक्य घाला: बैठकीत कुणी कुणाला ‘आली मोठी शहाणी’ म्हणायचं नाही. टीका करू नये वगैरे लिहिण्यापेक्षा हे लगेच कळेल.

घटप्रभेपल्याड

कन्नडात पण हे घाला, आमच्याकडं हेच वाक्य फक्त भाषा बदलून आहे.

मलप्रभाकाठी

घातलं! दोन्ही भाषांत.

सगळ्यांचं घेऊन पहिला खर्डा असा झालाय:

"सगळ्याजणी गोल बसा. पहिल्यांदा कुणी बोलू नका. आपल्याला काय काय करता येतं ते प्रत्येकीनं आठवा. हाताला काय येतं, रानात काय मिळतं, बाजारात काय मागतात.

मग एकेकीनं बोला. सुरुवात धाकटीनं करायची, थोरल्या शेवटी. कुणी बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही. ‘आली मोठी शहाणी’ म्हणायचं नाही. दुसरीच्या बोलण्याला आपलं जोडायचं असेल तर जोडा.

सगळं बोलून झालं की आता खोडा. भांडवल किती, माल कुठून, कोण घेणार. जे टिकत नाही ते सोडून द्या.

जे उरलं त्यातलं कुठलं पटतंय ते सांगा. पटलं नसेल तर तसंही सांगा. मग ठरवा आणि वहीत ठराव लिहा."

शीर्षक अजून नाही. ‘बसून बोलू, मिळून ठरवू’ असं काहीतरी डोक्यात आहे.

टिळकवाडीकर

धाकटीनं आधी बोलायचं हे कुणाचं?

मलप्रभाकाठी

माझं. थोरली आधी बोलली की मागच्या सगळ्या "होय, तसंच" म्हणतात. पुण्याच्या दादांचा मॅनेजर, तसंच.

टिळकवाडीकर

रास्त. भाषेचं एकच: ‘खोडा’ जरा कडक आहे. ‘पारखा’ कसं?

निपाणीचा पोरगा

‘पारखा’ सोन्याला. ‘चाळून बघा’ घ्या, बायकांच्या हातातलं आहे. तंबाखूच्या वखारीत पण चाळणीच असते.

शहापूरची सून

‘चाळा’ला माझं मत. नुसतं ‘चाळा’ नको पण, ‘चाळून बघा’च लिहा. नाहीतर कसले चाळे म्हणतील.

बसवकल्याणचा वारकरी

एक विचारू? गटात लिहिता न येणाऱ्या किती आहेत? पुण्याचे म्हणतात तसं आपापलं लिहून ठेवायचं त्यांना जमायचं नाही. ‘आठवा’ लिहिलंय ते ठीक आहे, पण दहाजणींचं बोलून होईस्तोवर ती विसरेल.

मलप्रभाकाठी

बऱ्याच आहेत. एकेक खडा पुढ्यात ठेवायला सांगावं का? एका गोष्टीला एक खडा. बोलून झालं की खडा मधल्या ताटात.

शहापूरची सून

खडा नको, चिंचोके ठेवा. घरात असतात, आणि नंतर मोजायला बरे. ज्या गोष्टीला जास्त चिंचोके पडले ती आधी चाळायला घ्या.

अथणीचा पाव्हणा

चिंचोक्यांनी मतदान करायचं असेल तर पटलं-नाही पटलं बोलायची पायरी त्याच्या आधी ठेवा, नंतर नको. एकदा मोजणी झाली की कमी पडलेली परत तोंड उघडत नाही. आमच्या सोसायटीत बघतोय.

मलप्रभाकाठी

क्रम बदलला. आधी बोलणं, मग चिंचोके. शीर्षकावर अजून कुणाचं काही असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत टाका, परवा छापायला जाणार आहे.

घटप्रभेपल्याड

कन्नड शीर्षक ‘कूतु मातनाडोण’ करा, बसून बोलूया. मराठी मग ‘बसून बोलूया’ एवढंच ठेवा. ‘मिळून ठरवू’ आत येतंच आहे.

टिळकवाडीकर

‘बोलूया’ एकत्र लिहा. ‘बोलू या’ असं तोडलंत तर "बोलायला या" असाही अर्थ निघतो.

शहापूरची सून

मग तोडूनच लिहा की, मास्तर. आधी यायला तर पाहिजेत.